पांढरा ओएलईडी: उजेड तयार होतो, मग जातो कुठे?

दिवाळीच्या आधी जळगावच्या एखाद्या शोरूममध्ये गेलं की ५५ इंची दोन टीव्ही शेजारी शेजारी लावलेले दिसतात. एकावर एलईडी लिहिलेलं, दुसऱ्यावर ओएलईडी, म्हणजे कार्बनी (ऑर्गॅनिक) रेणूंचा एलईडी. दुसऱ्याची किंमत विचारली की पहिला एकदम बरा वाटायला लागतो. विक्रेता मात्र दुसऱ्याकडेच बोट दाखवतो: ‘भाऊ, काळा बघा, काळा!’ खरं तेच सांगतो तो. ओएलईडीचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. मागे वेगळा दिवा नसतो, म्हणून काळं म्हणजे पूर्ण काळं.

या पडद्याची दुसरी गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. एलजी डिस्प्ले २०१३ पासून जे मोठे ओएलईडी पडदे करते आहे, त्यात प्रत्येक ठिपका मुळात पांढरा उजेड देतो. लाल, हिरवा, निळा हे त्याच्यावर बसवलेल्या फिल्टरचं काम. म्हणजे पांढरा ओएलईडी खानदेशात येऊन बरीच वर्षं झाली, फक्त तो टीव्हीत बसून आला. छताला लावायचा दिवा म्हणून तो यायचा होता. २०१० च्या आसपास फिलिप्स, ओसराम, जीई अशा दिवेवाल्या मोठ्या कंपन्या त्याच्या मागे लागल्या होत्या. कागदासारखा पातळ, डोळ्यांना न टोचणारा, अख्ख्या पृष्ठभागातून सारखा उजेड देणारा दिवा कुणाला नको असतो? तरी तो घरोघरी आला नाही. कारणं दोन: किंमत आणि कार्यक्षमता. किमतीवर बोलायला बाजार समर्थ आहे. कार्यक्षमतेची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे, कारण तिच्यात निसर्गाचे चार-पाच नियम एकापाठोपाठ एक आडवे येतात आणि माणसं त्यातल्या बहुतेकांना वळसा घालतात.

आधी मोजायचं कसं ते पाहू. एका वॅट विजेतून डोळ्याला दिसणारा किती उजेड मिळाला, हे लुमेन प्रति वॅटमध्ये सांगतात. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब १२ ते १४ लुमेन प्रति वॅट द्यायचा. चांगली ट्यूबलाइट ८०-९० पर्यंत जाते. आजचा साधा एलईडी बल्ब १०० च्या आसपास असतो आणि चांगल्या प्रतीचे एलईडी दिवे १५० च्याही वर गेलेत. रंग नीट दिसतील अशा पांढऱ्या उजेडाची तात्त्विक मर्यादा ३०० च्या आसपास येते. दिव्यात वाया जाणारा वॅट दिसतो त्यापेक्षा महाग असतो, हेही ध्यानात ठेवा. दीपनगरसारख्या कोळशावरच्या औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेतला साधारण एक तृतीयांश किंवा त्याहून थोडा जास्त भागच वीज होऊन तारेत येतो. तीन भाग जाळून आलेला एक भाग घरात येऊन पुन्हा उष्णता होणार असेल, तर तो हिशेब कुणालाच परवडत नाही.

शंभर इलेक्ट्रॉन आत, एक फोटॉन बाहेर

ओएलईडीची रचना ऐकायला साधी आहे. खाली काच. काचेवर इंडियम टिन ऑक्साइडचा थर, जो पारदर्शक असूनही वीज वाहतो. त्यावर कार्बनी रेणूंचे काही थर, सगळे मिळून शंभर ते काही शे नॅनोमीटर जाडीचे. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे १०० नॅनोमीटर. सर्वांत वर ॲल्युमिनियमसारख्या धातूचा पत्रा, तोही तितकाच पातळ. वीज जोडली की धातूच्या बाजूने इलेक्ट्रॉन आत येतात आणि काचेच्या बाजूने ‘होल’, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. मधल्या थरात दोघांची गाठ पडते आणि एखादा रेणू काही क्षण उत्तेजित अवस्थेत जातो. या अवस्थेला एक्सिटॉन म्हणतात. तो रेणू शांत होताना जास्तीची ऊर्जा फोटॉनच्या, म्हणजे उजेडाच्या कणाच्या, रूपात सोडतो. तोच आपला उजेड.

१९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि सहकाऱ्यांनी अँथ्रासीनच्या स्फटिकातून असा उजेड काढला होता, पण त्याला काहीशे व्होल्ट लागत. खरी सुरुवात १९८७ ची. ईस्टमन कोडॅकच्या चिंग तांग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन वेगवेगळ्या रेणूंचे पातळ थर एकावर एक चढवले आणि १० व्होल्टच्या आत झगझगीत हिरवा उजेड मिळवला. कार्यक्षमता होती १.५ लुमेन प्रति वॅट. दुसऱ्या भाषेत, शंभर इलेक्ट्रॉन आत सोडले तर एक फोटॉन बाहेर.

उरलेले नव्व्याण्णव कुठे गेले, हा प्रश्न त्यानंतरचा सगळा काळ हजारो माणसं सोडवत आली आहेत. तोटा एका जागी नसतो. चार आकड्यांचा गुणाकार होतो: किती इलेक्ट्रॉनना होलची जोडी मिळाली, झालेल्या जोड्यांपैकी किती उजेड देण्याच्या लायकीच्या निघाल्या, लायकीच्या जोड्यांपैकी कितींनी खरंच फोटॉन दिला, आणि त्यातले किती फोटॉन काचेबाहेर आले. गुणाकाराचा स्वभाव असा की एक आकडा लहान असला तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते. पहिला आणि तिसरा आकडा आता जवळपास सुटले आहेत. योग्य थर निवडले की जोड्या नीट जुळतात, आणि चांगले रेणू शंभरातल्या नव्वदहून जास्त वेळा फोटॉन देतात. घोळ दुसऱ्या आणि चौथ्या आकड्यात होता, आणि चौथ्यात अजूनही आहे.

सायडिंगला पडलेल्या तीन वॅगन

इलेक्ट्रॉनला स्पिन नावाचा गुण असतो. त्याच्या दोनच अवस्था: वर किंवा खाली. उत्तेजित रेणूत दोन इलेक्ट्रॉनचे स्पिन एकत्र येतात, तेव्हा चार प्रकारच्या जोड्या होऊ शकतात. त्यातली एक सिंगलेट, उरलेल्या तीन ट्रिपलेट. कुठली जोडी होईल हे नशिबावर, म्हणजे सरासरीने शंभरात २५ सिंगलेट आणि ७५ ट्रिपलेट. साध्या कार्बनी रेणूत फोटॉन देण्याची परवानगी फक्त सिंगलेटला आहे. ट्रिपलेटला फोटॉन सोडायचा तर स्पिन उलटा करावा लागतो, आणि नियम तो करू देत नाही.

सावद्याला केळीच्या चार वॅगन भरल्या आणि दिल्लीकडे निघाल्या असं समजा. वाटेतल्या एका स्टेशनात एकीला सिग्नल मिळाला, तिघी सायडिंगला पडल्या. मालात खोट नाही, इंजिनात खोट नाही, फक्त सिग्नल नाही. केळी काही थांबत नाही. तिथेच पिकते, तिथेच सडते. ट्रिपलेटचं तेच होतं: बराच वेळ थांबून त्याची ऊर्जा उष्णता होऊन जाते. म्हणून जुन्या, म्हणजे फ्लुरोसंट प्रकारच्या ओएलईडीचा हिशेब पंचवीस टक्क्यांवर अडायचा. त्यातलाही पाचवा भागच काचेबाहेर येतो (ते पुढे पाहू), म्हणजे हाती साधारण पाच टक्के. कितीही हुशारी केली तरी छत तिथेच.

हे छत १९९८ मध्ये फुटलं. प्रिन्स्टनचे स्टीफन फॉरेस्ट आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्क थॉम्पसन यांच्या गटाने रेणूच्या मधोमध प्लॅटिनमचा अणू बसवला, आणि लगेच पुढे इरिडियमचा. जड अणुकेंद्राभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनचं फिरणं आणि त्याचा स्पिन यांचा एकमेकांवर इतका परिणाम होतो की सिंगलेट-ट्रिपलेट हा भेदच धूसर होतो. सायडिंगला सिग्नल मिळतो. या फॉस्फोरेसंट रेणूंनी २००१ पर्यंत हिरव्या रंगात जवळपास प्रत्येक जोडीतून फोटॉन काढून दाखवला. एका उडीत पंचवीसचे शंभर. अडचण एकच, इरिडियम हा पृथ्वीच्या कवचातल्या सर्वांत दुर्मीळ धातूंपैकी एक आहे. सुवर्णनगरीच्या लोकांना दुर्मीळ धातूच्या किमतीबद्दल मी काय सांगणार!

दुसरी वाट २०१२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठातल्या चिहाया अदाची यांनी काढली. जड धातू घ्यायचाच नाही. रेणूची घडण अशी करायची की ट्रिपलेट आणि सिंगलेट यांच्या ऊर्जेतलं अंतर अगदी थोडं राहील. मग खोलीतल्या साध्या उष्णतेच्या धक्क्याने ट्रिपलेट वर चढून सिंगलेट होतो आणि उजेड देतो. पाठ्यपुस्तकात ज्या उष्णतेला आपण तोटा म्हणतो, तिलाच इथे कामाला लावलं.

मग मे महिन्यातल्या भुसावळला हे रेणू जास्त जोमाने चालतील का? एका विद्यार्थ्याने विचारलेला हा प्रश्न मला आवडतो. फरक पडतो, पण जेमतेम. २७ अंश आणि ४५ अंश हा आपल्या जिवाला प्रचंड फरक; केल्विनमध्ये तो ३०० आणि ३१८, म्हणजे सहा टक्के. त्या सहा टक्क्यांचा जो फायदा होईल, त्याहून जास्त नुकसान उष्णता दुसऱ्या बाजूने करते.

पांढरं करणं आणि निळ्याची खोड

आतापर्यंतचं सगळं एका रंगाचं. पांढऱ्यासाठी दोन किंवा तीन रंग एकाच तुकड्यातून बाहेर काढावे लागतात. यामागाता विद्यापीठाचे जुन्जी किडो यांच्या गटाने १९९० च्या दशकाच्या मध्याला एकावर एक थर देऊन हे करून दाखवलं. ते वाटतं तितकं सोपं नाही, कारण ऊर्जा उताराने वाहते. निळ्या फोटॉनची ऊर्जा साधारण २.७ इलेक्ट्रॉन व्होल्ट (अणुरेणूंची ऊर्जा मोजायचं एकक), हिरव्याची २.३, लालची २ च्या आसपास. निळा आणि लाल रेणू शेजारी ठेवले तर निळ्याची ऊर्जा लालकडे पळते आणि दिवा तांबडा दिसायला लागतो. म्हणून लाल रेणू चिमूटभर घालतात आणि मध्ये पातळ आडथर देतात. थरांच्या जाडीत दोन-चार नॅनोमीटरचा फरक पडला तरी रंग बदलतो.

निळ्याची खरी खोड वेगळी आहे. कार्बन-नायट्रोजनचा बंध तोडायला सुमारे ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, आणि निळा एक्सिटॉन त्याच्या अगदी जवळची ऊर्जा घेऊन बसलेला असतो. त्यातून असे दोन एक्सिटॉन एकमेकांवर आदळले तर पाच इलेक्ट्रॉन व्होल्टहून जास्त ऊर्जा एका रेणूत जमा होते आणि बंध तुटतो. फॉस्फोरेसंट निळ्यात ट्रिपलेट बराच वेळ थांबतात, त्यामुळे अशा टकरी जास्त होतात. म्हणूनच फोनच्या पडद्यात लाल-हिरवे फॉस्फोरेसंट असताना निळा मात्र वर्षानुवर्षं जुन्याच, पंचवीस टक्केवाल्या फ्लुरोसंट जातीचा राहिला. कार्यक्षमता कमी, पण आयुष्य जास्त. रेणूतल्या काही हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन घातला तर बंध तुटायला जास्त वेळ लागतो. ही युक्ती आता टीव्हीच्या पडद्यांत वापरतात.

पांढऱ्याच्या बाबतीत मला सर्वांत देखणा वाटतो तो २००६ मधला उपाय, पुन्हा फॉरेस्ट-थॉम्पसन यांच्याच गटाचा. निळा फ्लुरोसंटच ठेवा, ते म्हणाले, आणि त्याच्या वाट्याच्या २५ टक्के सिंगलेटवर त्याला निळा उजेड देऊ द्या. उरलेले ७५ टक्के ट्रिपलेट वाया घालवू नका. ते जास्त वेळ जगतात म्हणून जास्त लांब सरकतात. त्यांना थोड्या अंतरावरच्या हिरव्या आणि लाल फॉस्फोरेसंट रेणूंपर्यंत पोचू द्या. दिल्लीचा सिग्नल मिळत नसेल तर तीन वॅगनचा माल जवळच्या बाजारात विकायचा, इतका साधा व्यवहार. गंमत म्हणजे पांढऱ्या उजेडात निळ्याचा वाटाही साधारण चतुर्थांशच लागतो.

जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये सेबास्टियन राइनेके आणि कार्ल लिओ यांच्या गटाने २००९ मध्ये तिन्ही रंग फॉस्फोरेसंट घेतले आणि निळ्याच्या दोन्ही अंगांना असे थर लावले की निळ्याकडून सुटलेला एक्सिटॉन लाल-हिरव्याच्या हाती लागावा. त्यांना ९० लुमेन प्रति वॅट मिळाले. पांढऱ्या ओएलईडीने ट्यूबलाइट गाठली ती तिथे. पण त्या आकड्याचा मोठा हिस्सा रेणूंमुळे आलेला नव्हता, तो काचेमुळे आला होता.

विहिरीत बुडी मारून वर बघा

यावल-चोपड्याकडच्या मोठ्या विहिरीत उन्हाळ्यात पोहायला शिकलेल्यांना हे दिसलं असेल. खोल बुडी मारून, पाणी स्थिर असताना डोळे उघडे ठेवून वर बघितलं, तर सगळं आकाश डोक्यावरच्या एका गोल चकतीत मावलेलं दिसतं. चकतीच्या बाहेर आकाश नाहीच. तिथे पाण्याचा पृष्ठभाग आरसा होतो आणि विहिरीच्याच भिंती उलट्या दाखवतो. दहावीच्या पुस्तकातलं पूर्ण आंतरिक परावर्तन ते हेच. पाण्यातून हवेत जायला निघालेला किरण उभ्या रेषेपासून साधारण ४९ अंशांपेक्षा जास्त कललेला असेल, तर तो बाहेर पडतच नाही.

ओएलईडीत नेमकं हेच घडतं, फक्त पाण्यापेक्षा वाईट. काचेचा अपवर्तनांक (पदार्थ उजेडाला किती वळवतो त्याचं माप) १.५, म्हणून तिथे क्रांतिक कोन, म्हणजे ज्यापलीकडे किरण बाहेर पडत नाही तो कोन, ४२ अंश. कार्बनी थरांचा १.७ ते १.८, म्हणजे हवेच्या हिशेबाने कोन ३५ अंशांच्या आसपास. रेणू तर सगळ्या दिशांना उजेड टाकतो. मागचा धातू आरशासारखा असल्यामुळे मागे गेलेला उजेड परत पुढे येतो, तरीही त्या ३५ अंशांच्या शंकूत बसणारा भाग फक्त १८ टक्के भरतो. कागदावर करून बघा: एकातून कोनाचा कोसाइन वजा करायचा, झालं. म्हणजे पहिले तिन्ही आकडे शंभर टक्के आणले तरी पाचातले चार फोटॉन दिव्याच्या आतच मरतात. काही काचेत अडकून कडांकडे सरकतात. साधारण निम्मे त्या आधीच कार्बनी थरांत घोटाळतात किंवा धातूच्या पृष्ठभागावरच्या इलेक्ट्रॉनना हलवण्यात खपतात.

धुळ्याच्या माझ्या मामांनी टीव्हीच्या मागे हात लावून विचारलं होतं, ‘हाई तापत नही का?’ तापतो. अडकलेल्या उजेडाची उष्णताच होते. ती मोठ्या पृष्ठभागावर पसरते म्हणून हाताला कोमट लागते, इतकंच.

काचेत अडकलेला उजेड काढणं तुलनेने सोपं. काचेच्या बाहेरच्या अंगाला बारीक भिंगांची फिल्म चिकटवली की पृष्ठभाग सपाट राहत नाही. एकदा परतलेला किरण दुसऱ्या वेळी वेगळ्या कोनातून येतो आणि निसटतो. एवढ्याने दीडपटीच्या आसपास फायदा होतो. थरांत अडकलेल्या उजेडाला मात्र आत शिरूनच हात घालावा लागतो. एक उपाय: कार्बनी थरांइतकाच अपवर्तनांक असलेली काच घ्यायची, म्हणजे उजेड निदान काचेपर्यंत येतो. ड्रेस्डेनच्या गटाने हेच केलं होतं. दुसरा: पारदर्शक थर आणि काच यांच्यामध्ये उजेड विखुरणारा थर द्यायचा. तिसरा मला जास्त आवडतो: रेणूच आडवे झोपवायचे. रेणू आपल्या अक्षाच्या दिशेने उजेड देत नाही, बाजूंना देतो. तो काचेला समांतर पडून असेल तर जास्त उजेड सरळ पुढे जातो. लांबट रेणू निर्वातात काचेवर बसताना आपणहून आडवे पडतात, हे कळल्यापासून रेणू घडवणारे रसायनतज्ज्ञ आकाराचाही विचार करू लागले. त्याशिवाय उजेडाचा थर धातूपासून थोडा लांब ठेवला तर धातूत खपणारा भाग कमी होतो.

मग कुणी म्हणेल, एलईडीला हा त्रास नाही का? आहे, उलट जास्तच आहे. गॅलियम नायट्राइडचा अपवर्तनांक २.४. पण एलईडीची चिप असते मिलिमीटरभर. तिच्यावर पारदर्शक घुमट बसवता येतो, तिचा पृष्ठभाग खरबरीत करता येतो. ओएलईडीवर असा घुमट बसवायचा तर तो पॅनेलपेक्षाही मोठा लागेल. प्रयोगशाळेत काचेचा अर्धगोल चिकटवून मोजमाप करतात, घरच्या छताला कोण लावणार? पातळपणा हाच ज्याचा मोठेपणा, त्याला घुमट शोभत नाही.

इथे दिवा आणि टीव्ही यांच्या वाटा वेगळ्या होतात. उजेड विखुरणारा थर दिला तर विझलेला ओएलईडी दुधी दिसतो. दिव्याला त्याचं काही नाही. टीव्हीचा मात्र तो ‘काळा बघा, काळा’ बिघडतो आणि चित्राच्या कडा पुसट होतात. म्हणून टीव्हीला जास्त काटेकोर उपाय लागला: २०२३ मध्ये एलजी डिस्प्लेने पडद्याच्या आतच अतिसूक्ष्म भिंगांचा थर आणला.

व्होल्ट, माळ आणि गर्दी

शंभर इलेक्ट्रॉनमागे किती फोटॉन हा हिशेब एक, पण वीजबिलात व्होल्टही धरतात. २.३ इलेक्ट्रॉन व्होल्टचा हिरवा फोटॉन मिळवायला ५ व्होल्ट लावले तर निम्म्याहून जास्त ऊर्जा तिथेच गेली. कार्बनी थर वीज वाहून नेण्यात फार मंद, सिलिकॉनच्या लाखो पट मंद. १०० नॅनोमीटरवर ५ व्होल्ट म्हणजे मिलिमीटरमागे ५०,००० व्होल्टचा जोर. हवा तीन हजारांतच हार मानते आणि ठिणगी पडते. यावर उपाय म्हणजे वाहक थरांत थोडी भेसळ करून त्यांना जास्त सुवाहक करणं. लिओ यांच्या गटाने हे तंत्र पक्कं केलं, त्यातून २००१ मध्ये नोव्हालेड ही कंपनी निघाली आणि २०१३ मध्ये सॅमसंगने ती घेतली. पांढऱ्यात एक तोटा तरीही राहतोच: निळ्यासाठी पुरेसे व्होल्ट द्यावे लागतात, आणि त्यातला लालला न लागणारा भाग उष्णता होतो.

गणपतीच्या मंडपातली दिव्यांची माळ सीरिजमध्ये जोडलेली असते. एकच करंट सगळ्या दिव्यांतून जातो, व्होल्ट मात्र बेरजेने लागतात. टँडेम ओएलईडी तसाच: एका उजेड देणाऱ्या थरसमूहावर दुसरा, कधी तिसरा, आणि मध्ये इलेक्ट्रॉन-होल पुरवणारा जोडथर. त्याच करंटमध्ये दुप्पट फोटॉन, पण व्होल्टही दुप्पट. म्हणजे लुमेन प्रति वॅटमध्ये फारसा फायदा नाही. फायदा आयुष्याचा. तेवढाच उजेड अर्ध्या करंटवर मिळतो, आणि करंट निम्मा केला की आयुष्य दुपटीहून जास्त वाढतं. टीव्हीतले पांढरे ओएलईडी असेच मजल्यांचे असतात.

करंट कमी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. सायडिंगला गर्दी झाली की वॅगन वॅगनवर आदळते. करंट वाढवला की ट्रिपलेटची दाटी होते, ते एकमेकांना विझवतात आणि कार्यक्षमता घसरते. मंद उजेडात उत्तम आकडे देणारा तुकडा झगझगीत उजेडात साधारण निघतो, त्याचं मूळ इथे. म्हणून मोजमाप बहुतेकदा चौरस मीटरला १००० कँडेला या तेजावर करतात. त्या तेजाचा एक चौरस मीटर पॅनेल साधारण ३१०० लुमेन देतो, म्हणजे एका ट्यूबलाइटपेक्षा थोडं जास्त. एका ट्यूबलाइटच्या उजेडासाठी जवळजवळ चौरस मीटरभर पॅनेल! किंमत का नडते ते इथे कळतं.

आपल्या हवेचा प्रश्न वेगळाच. हे रेणू आणि धातूचा थर पाण्याला भलतेच भितात. आवरणातून चौरस मीटरमागे दिवसाला एक मायक्रोग्रॅम वाफ, इतकीच आत जाऊ देण्याचं उद्दिष्ट धरतात. तापमान वाढलं की रेणू झिजण्याचा वेगही वाढतो. बऱ्याच टीव्हींच्या माहितीपत्रकात वापराची मर्यादा ४० अंश छापलेली असते, आणि आपला मे महिना ती ओलांडतो. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत, कूलर बंद, दुपारभर पूर्ण ब्राइटनेसवर टीव्ही, हे ओएलईडीला मानवणारं नाही. कुणी विचारलं तर मी सांगतो: घ्यायचाच असेल तर थंड खोलीत लावा आणि ब्राइटनेस उतरवून बघा.

आणि दिव्यासाठी वाट बघू नका. पॅनासॉनिकने २०१३ मध्ये ११४ आणि कोनिका मिनोल्टाने २०१४ मध्ये १३१ लुमेन प्रति वॅट गाठले, पण तोवर एलईडी स्वस्तही झाला आणि पुढेही गेला. फिलिप्सने आपला ओएलईडी दिव्यांचा व्यवसाय २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ओएलईडीवर्क्सला दिला, आणि एलजी डिस्प्लेने २०१९ मध्ये दिवे सोडून पडद्यांवरच लक्ष द्यायचं ठरवलं. पांढऱ्या ओएलईडीचं पुढचं संशोधन आता मुख्यतः टीव्हीवाल्यांच्या पैशावर चालेल असं मला वाटतं. त्यामुळे दुधी थरासारखे दिव्यापुरते उपाय मागे पडतील, ही त्यातली रुखरुख.

नवा विक्रम झाल्याची बातमी वाचाल, तेव्हा आकड्याआधी चार गोष्टी शोधा. किती तेजावर मोजला? तुकडा नखाएवढा होता की तळहाताएवढा? काचेवर अर्धगोल चिकटवला होता का? आणि उजेड खरंच पांढरा होता की हिरवटपणाकडे झुकलेला? डोळा हिरव्याला सर्वांत जास्त दाद देतो, त्यामुळे उजेड थोडा हिरवट केला की लुमेन फुगतात. ड्रेस्डेनच्या त्या लेखातही ९० चा आकडा मोजलेला होता, आणि उजेड बाहेर काढण्याची सोय सुधारली तर १२४ पर्यंत जाता येईल असं पुढे म्हटलं होतं. बातम्यांत दुसरा आकडाच जास्त फिरतो.

जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात किंवा धुळे-नंदुरबारच्या एखाद्या कॉलेजात एमएस्सीला प्रोजेक्ट शोधणाऱ्यांसाठी यात एक सोयीचा कोपरा आहे. निर्वातात थर चढवायचे तर कोटींची यंत्रं लागतात. पण थरांची जाडी, अपवर्तनांक, रेणूंचा कल आणि धातूपासूनचं अंतर बदलून किती उजेड बाहेर येईल, हे साध्या लॅपटॉपवर काढता येतं. त्यासाठी ट्रान्सफर मॅट्रिक्स ही पद्धत वापरतात, आणि तिचे मोफत प्रोग्राम पायथनमध्ये मिळतात. पहिल्या दिवशी एकच थर घ्या, अपवर्तनांक १.७५ ठेवा, आणि वर काढलेले १८ टक्के येतात का ते बघा. आले की आडवे रेणू घालून पुन्हा चालवा.